काठीने उलटवलेली वहाण

माणूस समोर आला की वस्ताद त्याच्या तोंडाकडे पाहत नसे. "वहाण काढ," म्हणे. ती हातात घेऊन उलटी करी, तळ बोटाने चाचपी आणि मग त्या माणसाचे सगळे अंग वाचून दाखवी. "उजव्या टाचेवर पडतोस तू. सकाळी उठलं का कंबर धरते ना?" धरत असे. गाडीवान असो, सावकार असो, वस्तादाचे कधी चुकले नाही. अमरावतीत अजून ही गोष्ट कौतुकाने सांगतात.

सांगणारे एवढेच गाळतात की महारवाड्यातला माणूस समोर आला तर वस्ताद वहाण हातात घेत नसे. आखाड्याच्या दारामागे बाभळीची एक काठी ठेवलेली असे. तिच्या टोकाने तो दुरूनच वहाण उलटी करी. वाचणे मात्र तितकेच अचूक. मला वस्तादाबद्दल जे सांगायचे आहे, ते त्या काठीपाशी सुरू होते. ज्याला कौतुक हवे असेल त्याने गावात दुसऱ्या कोणाला विचारावे. सांगणारे पुष्कळ आहेत.

आम्ही माळी. गावाबाहेर आमचा मिरची-वांग्याचा मळा. आगगाडी तेव्हा बडनेऱ्यापर्यंत पोचली नव्हती. कापूस घेऊन मुंबईकडे गेलेले गाडीवान परत येताना मीठ आणीत, आणि एखादा माझ्यासाठी छापील चोपडी आणी. माणूस जन्माने उंच किंवा नीच ठरत नाही, हे मी त्या चोपड्यांत वाचले आणि पाठ केले. माझा थोरला भाऊ राघो चोपडी वाचत नसे. तो आखाड्यात जाई.

आखाड्यात पहिले सहा महिने वस्ताद डाव शिकवीत नसे. नुसते उभे करी. पाय खांद्यांइतके लांब, गुडघा किंचित सैल, श्वास पोटात. डोक्यावर पाण्याने भरलेला तांब्या. पाणी सांडले तर पुन्हा पहिल्यापासून. कोणी कुरकुर केली की त्याचे एकच वाक्य येई, "ताकद मंग. आधी उभं राय." उभे राहता आले की चालणे. ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या त्या मातीवर असे चालायचे की टाचेचा खड्डा पडता कामा नये. मग बसणे, उठणे, वळणे. दंड-बैठका सगळ्यांत शेवटी. "वजन बाह्यानं उचलत नाही लेकहो, जमिनीनं उचलते," असे तो सांगे. हे खरे होते. शत्रूचे खरे बोलणेही खरेच असते, म्हणून लिहितो.

मीही दोन महिने उभा राहिलो. एक दिवस मी त्याला विचारले, "वस्ताद, आंग तं सगळ्यायचं सारखंच असते. मंग आखाड्यात सगळे काहून नाही येत?" त्याने माझ्या डोक्यावरचा तांब्या उतरवून बाजूला ठेवला. "जाय बाप्पा घरी. तुह्या आंगात नुसतं तोंडच वाढून राहिलं." सगळे हसले. राघोही हसला. त्या दिवसापासून मी आखाड्याबाहेरचा झालो, आणि बाहेरून आतले जास्त दिसते हे मला कळले.

मग कापसाचे दिवस आले. दूर कुठे तरी अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. जो तो कापसाचे बोलू लागला. मळ्यात मिरची लावणारे आमचे शेजारीही कापूस लावून मोकळे झाले. एका शेटने गावाच्या कडेला मोठे आवार घेतले. तिथे चार खांबांवर आडवे लाकूड टाकून गोणपाटाचा भलामोठा बोरा टांगीत. तो जमिनीपासून वीतभर वर लोंबे. एक माणूस आत उतरे, वरून दुसरे कापूस टाकीत, आणि आतला तो पायांनी तुडवी. आधी नुसते बोऱ्याचे हलणे दिसे. मग कापूस चढे तसे माणसाचे डोके वर येई, मग खांदे, मग छाती. बोरा भरला की माणूस पुरा बाहेर.

शेटला मजबूत पाय हवे होते. तो आखाड्यात आला, मारुतीपुढे नारळ फोडला आणि आखाड्यावर छप्पर घालून देतो म्हणाला. वस्तादाने आपली पोरे दिली, त्यांत राघोही. शिवाय बोरा कसा तुडवायचा हेही त्यानेच शिकवले. आखाड्यातला पवित्रा बोऱ्यात नेला. पाय फाकवून, गुडघ्यात बसून, टाच दाणकन हाणायची. "धरणी हालली पाह्यजे!" बोऱ्याखाली धरणी नव्हती, हवा होती. पण वस्तादाचा शब्द.

राघोच्या शेजारच्या खांबांना सोमाचा बोरा होता. सोमा महारवाड्यातला, तिशीचा, अंगाने सडपातळ. वस्तादाने त्याचीही वहाण एकदा पाहिली होती, काठीने, आणि उलटी करून खाली वाकून निरखली होती. तळ सगळीकडे सारखा झिजलेला होता. "असं उभं राहणारं मानूस म्या पाह्यलं नाही," एवढेच बोलला आणि काठी परत दारामागे ठेवली.

सोमाच्या बोऱ्यातून आवाज येत नसे. एक हात दोरीला, आणि पाय बोऱ्याच्या कडेकडेने गोल फिरत. आधी बोटे टेकायची, मग चवडा, टाच सगळ्यांच्या मागून, अलगद. तो तुडवतो की चालतो तेच कळत नसे. पण त्याचा बोरा आधी भरे आणि दगडासारखा कडक होई. संध्याकाळी सोमा सरळ पायांनी घरी जाई. आमचे पहिलवान खांबाला टेकून गुडघ्यांना तेल चोळीत बसत.

राघोचा उजवा गुडघा सुजू लागला. अकोल्याची कुस्त्यांची दंगल दोन महिन्यांवर आली होती. तिथे दिवसातली शेवटची, सगळ्यांत मोठी कुस्ती राघोची लागायची होती. त्या एका कुस्तीसाठी त्याने चार वर्षे डोक्यावर तांब्या वाहिला होता. मी सोमाला गाठले.

"सोमा, राघोले दाखव ना तुही चाल."

"सांगून पाह्यलं भाऊ. पहिलवान म्हणते, वस्ताद सांगीन तवा."

घरी राघोलाही विचारले. तो गुडघ्यावर एरंडाचे पान बांधत होता. "गुरूच्या तोंडातून आलं तं करीन," म्हणाला. "तुह्या चोपडीत गुरू नाही काय?"

म्हणजे एका माणसाने एक वाक्य बोलायचे होते. आणि त्या माणसाला ते ठाऊक नव्हते असे कोणी मला सांगू नये. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. एका दुपारी वस्ताद आवारात उभा होता. तोंड राघोच्या बोऱ्याकडे, नजर सोमाच्या पायांवर. सोमा वर आला होता आणि त्याची पावले उघडी दिसत होती. वस्तादाच्या वहाणेत वस्तादाची बोटे हलत होती. आधी बोटे, मग चवडा. मी जवळ गेलो.

"वस्ताद, सोमाचे पाय पाह्यले?"

"पाह्यले."

"मंग सांगा ना राघोले."

"काय सांगू? आमच्या मातीतला गडी त्याच्या चालीनं चालीन?"

"कापूस तं दोघंही तुडवतात. कापसाले विटाळ नाही, अन् मातीलेच आहे?"

त्याने प्रथमच माझ्या तोंडाकडे पाहिले. "चोपडीवाल्या," तो म्हणाला, "घरी जाय."

अकोल्याला आम्ही बैलांच्या दमणीने गेलो. राघोने वाटभर पाय लांब करून ठेवला होता. दंगलीत माणूस माणसाला लागून बसला होता. वस्ताद सगळ्यांत पुढे, मी त्याच्या मागे. राघोने समोरच्याला दोनदा खाली आणले. तिसऱ्यांदा त्याने कमरेत हात घातला, उचलायला उजवा पाय रोवला, आणि त्याच क्षणी वस्ताद उठून उभा राहिला. राघो अजून पडला नव्हता. लोक ओरडत होते की उचलला, उचलला. वस्ताद तेवढा उभा होता, हात पुढे करून, पडणाऱ्याला धरावे तसा. मग गुडघा गेला. ओली फांदी मोडल्याचा आवाज आला, तो मागच्यांनाही ऐकू गेला.

वस्ताद आधी उठला. हे मी विसरणार नाही आणि कोणाला विसरू देणार नाही.

तिसऱ्या दिवशी तो आमच्या मळ्यात आला. राघो बाजेवर होता. पाया पडता येईना म्हणून त्याने झोपल्या झोपल्या हात जोडले. मी दारात आडवा झालो.

"तुमाले ठाऊक होतं."

त्याने खाली पाहिले. राघोच्या वहाणा उंबऱ्याशी होत्या. त्याने त्या उलट्या केल्या नाहीत.

"होतं," तो म्हणाला, आणि आल्या पावली गेला.

मी त्याच्याविरुद्ध चार पाने लिहिली. ती लोकांपुढे वाचून दाखवावी म्हणून आठ दिवसांनी शेटच्या आवारात गेलो. भर दुपार होती, माणसे भाकरीला गेली होती. सोमा एकटा एका बोऱ्याशी उभा होता. बोरा हलत होता. खांबाला ती बाभळीची काठी टेकून ठेवलेली होती.

"टाच मांगून, वस्ताद," सोमा म्हणत होता. "आधी बोटं. घाई नोको."

"आता?" बोऱ्यातून आवाज आला.

"आता बराय. गुडघा सैल सोडा."

बोऱ्यात कापूस थोडाच होता, म्हणून वस्तादाचे डोकेही दिसत नव्हते. दिसू नये म्हणूनच तो त्यात उतरला होता. सत्तरीचा म्हातारा धापा टाकीत गोल फिरत होता आणि मधूनमधून "हौ, हौ" म्हणत होता. माझी पाने माझ्या हातातच राहिली. मला दया आली असे समजू नका. मला वाटले, आता बाहेर येऊन हा सगळ्यांसमोर सोमाचे नाव घेईल. तेवढ्यासाठी मी थांबलो.

त्याने नाव घेतले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळ्या पोरांना नवी चाल शिकवली. राघोला रोज सकाळी आमच्या अंगणात हाताला धरून उभे केले, चालवले. चार महिन्यांत राघो लंगडत का होईना चालू लागला. कुस्ती संपली ती संपलीच. लोक त्या चालीला वस्तादाची चाल म्हणू लागले, आणि वस्ताद ऐकून घेत राहिला. मी सोमाला म्हटले, "तुले राग नाही येत?" तो हसला. "चाल कोनाची का असंना भाऊ, गुडघे तं त्यायचे वाचले." मला मात्र त्याच्या वाट्याचाही राग आला.

तिकडची लढाई मिटली, भाव कोसळला, शेट एका रात्रीत आवार सोडून गेला. आखाड्याचे छप्पर अर्धेच राहिले. पुढल्या उन्हाळ्यात वस्ताद गेला. म्हणतात, शेवटच्या दिवशीही भिंतीला धरून उभा राहिला होता.

आता आखाडा राघो चालवतो. मारुतीच्या शेजारी पोरांनी ती काठी खिळ्याला टांगली. तिला झेंडूचा हार घालतात. परवा मी गेलो तेव्हा राघो नव्या पोरांना चालवत होता. "आधी बोटं. टाच मांगून. घाई नोको." सोमाचे शब्द, वस्तादाचा आवाज. मी त्याला सांगितले, "राघो, नाव घे सोमाचं." त्याने मातीकडे पाहिले. मी टाचा उंचावून काठीकडे हात नेला. पोरे बघत राहिली. वाटले, राघो अडवील. तो मागून एवढेच म्हणाला, "असा तोल जाईन तुहा. आधी उभं राय."

मी नीट उभा राहिलो आणि काठी काढली.

ती घेऊन महारवाड्यात गेलो. सोमाने तिला ओळखले. दोन्ही हातांत धरून वजन केल्यासारखे केले, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत सारली. "बाभूळ हाय," म्हणाला, "चांगली जळते." त्या जाळावर भाजलेली भाकर मी तिथेच बसून खाल्ली. गावात त्यावरून काय व्हायचे ते होवो.

निघताना पाहिले तर माझ्या दोन्ही वहाणा दाराशी उलट्या पडल्या होत्या. सोमा उकिडवा बसून एकीच्या तळावरून अंगठा फिरवत होता.

"डाव्या टाचेवर लय जोर देता तुमी, भाऊ," तो म्हणाला. "रागात चालता काय?"