उत्तरेश्वररावांनी पारखलेली जोडी

सास्तूरच्या उत्तरेश्वररावांनी चाळीस वर्षं बैलांच्या जोड्या पारखल्या. जनावरांच्या बाजारात दोन बैल शेजारी उभे केले, की हे दोघांच्या मधे जाऊन उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि नुसता श्वास ऐकायचे. मग सांगायचे, "उजवा वढंल, डावा लोळंल." त्यांच्या शब्दावर लोक न बघता जोडी घरी नेत.

पुढं गावात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचा श्वास ऐकायला त्यांना कुणी बोलवेना. रिकामपणी त्यांनी घरातल्या फ्रीजचा श्वास ऐकला आणि "ह्यो दिवाळी बघत न्हाय" असं जाहीर केलं. त्याला चार दिवाळ्या झाल्या. फ्रीज चालू आहे. घरात त्या विषयावर कुणी बोलत नाही.

अशात त्यांना उमरग्याचा श्रीनाथ भेटला. श्रीनाथ घरी गाणी ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचे अँप्लिफायर जुळवून देतो. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी. तापली की आतून केशरी दिसते. श्रीनाथ सांगत होता, "काका, शेवटचे दोन व्हॉल्व्ह जोडीनं लागतात. एक ढकलतो, एक ओढतो. दोघांची ताकद सारखी नसली की आवाज फाटतो."

उत्तरेश्वरराव खुर्चीवरून उठले. "म्हंजी जोडीच की रं ही!"

त्यांनी अँप्लिफायर करून घेतला. तसाच दुसरा तुळजापूरच्या विष्णुपंतांनी घेतला. विष्णुपंत पूर्वी सास्तूरच्या शाळेत गुरुजी होते, आणि उत्तरेश्वरराव जे घेतील ते आपणही घ्यावं, असं त्यांचं साधं धोरण होतं. एकदा त्यांनी अशाच धोरणानं कडबाकुट्टीचं यंत्र घेतलं होतं. घरी जनावर नव्हतं.

सुरुवातीला दोन्ही मशीनांत साधे जुने व्हॉल्व्ह होते. मग श्रीनाथनं व्हॉल्व्हच्या दोन चांगल्या जोड्या मिळवल्या. एक देशी, बंद पडलेल्या कारखान्यातली. दुसरी रशियन. गुरुजी फोनवर म्हणाले, "निवड तुम्हीच करा, उत्तरेश्वरराव. मला आवाजातलं काही कळत नाही. तुमचा शब्द पुरे."

बैलबाजारात उत्तरेश्वररावांचा एक नियम होता. दोघांसाठी दोन जोड्या घेतल्या, तर पारखणाऱ्यानं चांगली समोरच्याला द्यायची, हलकी आपण ठेवायची. म्हणून तर लोक त्यांच्यावर विसंबत.

सकाळी नऊ वाजता त्यांनी देशी जोडी बसवली आणि सनईची तबकडी लावली. डोळे मिटून ऐकली. मग मशीन बंद केलं. मुलगा रणधीर म्हणाला, "आबा, आता लगेच दुसरी लावा की. दोन्ही आवाज ध्यानात राहतील."

"दमल्यालं लगीच जुंपत न्हायती," आबा म्हणाले आणि मशीनवर ओला नाही, पण कोरडा टॉवेल टाकून त्याला चार तास विश्रांती दिली. स्वतः जेवले, झोपले. दुपारी एक वाजता रशियन जोडी बसवली. तीच तबकडी, तीच सनई. पण आवाज अंग चोरून बाहेर येत होता.

निकाल लागला. "देशी मान ताठ करून चालती. रशियन मठ्ठ हाय. थंड मुलखातली, आपल्या उन्हानं ढेपाळली."

रणधीर मोटरसायकलवरून देशी जोडी तुळजापूरला देऊन आला. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचा रोज फोन. "काय आवाज आहे हो! सनई अंगावर येते!" उत्तरेश्वरराव रोज दुपारी जेवण झाल्यावर आपली मठ्ठ जोडी ऐकत समाधानात होते.

पाचव्या दिवशी शेतातल्या पंपांची लाईट आलीच नाही, घरातली तेवढी होती. दुपारी एक वाजता त्यांनी नेहमीसारखी तबकडी लावली, आणि सनई देशी जोडीपेक्षाही अशी मोकळी सुटली की ते दारापर्यंत जाऊन बाहेर कुणी वाजवतंय का बघून आले.

पत्नी धुरपदाबाई शेंगा फोडत होत्या. "आज मोटारी बंद हायती," त्या म्हणाल्या. "बाराला सगळ्या मोटारी सुरू झाल्या की घरातली लाईट मरती. माझा मिक्सर बी मंग असाच कण्हतो."

"मंग त्या दिशी का बोलली न्हाईस?"

"मला कवा इचारलं? तुमी रशियाचं ऊन बघत व्हता."

म्हणजे देशी जोडी भरल्या लाईटीवर ऐकली, रशियन मेल्या लाईटीवर. निवाडाच खोटा. चांगली जोडी आपल्या घरात आणि हलकी गुरुजींकडं. उद्या कुणाला कळलं, तर चाळीस वर्षं सांभाळलेला शब्द गेला; उत्तरेश्वर चांगलं स्वतःला ठेवतो, असं गाव म्हणणार. आणि न सांगावं, तर गुरुजी रोज फोनवर आनंदानं हलक्या जोडीचं कौतुक करणार. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी रशियन जोडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन ते तुळजापूरच्या एस्टीत बसले.

गुरुजींच्या घरात त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं, "गुरुजी, माझी पारख चुकली. हलकी जोडी तुमच्याकडं आली."

 गुरुजींच्या पत्नी प्रमोदिनीबाई आत गेल्या आणि खोका घेऊन आल्या. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"हे अजून बसवलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "काच फुटेल म्हणून यांचा हात धजत नाही. जुनेच व्हॉल्व्ह चाललेत. फोन तेवढा रोज करतात."

"पण मग सनई अंगावर कशी येत होती?"

"तुम्ही निवडलेली जोडी," गुरुजी हळू म्हणाले, "म्हटलं, येतच असणार."

उत्तरेश्वररावांनी बाह्या सारल्या. दोन्ही जोड्या लागोपाठ लावल्या, मधे फक्त हात भाजणार नाही इतकाच वेळ जाऊ दिला. कुठल्याही बैलाशी ते असं वागले नसते. रशियन जोडी सरस ठरली. स्वयंपाकघरातून प्रमोदिनीबाईंनीही, "हा आवाज राहू द्या," असं सांगितलं.

"आता चूक कळली आहे, तर चांगली तुम्हीच न्या," गुरुजी म्हणाले.

"न्हाय. चूक कानाची व्हती, नियम हाय त्योच हाय." त्यांनी रशियन जोडी तिथंच बसवून दिली, देशी टॉवेलात गुंडाळली आणि मग पाणी मागितलं.

घरी पोचले तेव्हा धुरपदाबाई अंगणात होत्या.

"कंची आणली?"

"हलकी."

"लई बेस झालं," त्या म्हणाल्या. "त्या दिशी तुमाला हीच आवडली व्हती."