तिरपे मामांची क्लीनर साइड

तिरपे मामांनी सरळ उभी अक्षरं लिहिली ती फक्त मयताच्या बोर्डावर. बाकी सगळं तिरपं, जाड, ठणठणीत. पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रक रंगवणाऱ्या या माणसाचं खरं आडनाव गाव कधीच विसरलं होतं. "मयताले कायची घाई? तो पोचला," मामा म्हणायचे. "घाई ट्रकले. उभा असला तरी धावून राह्यला असं वाटलं पाह्यजे."

अक्षराला शेपट्या, वेलबुट्ट्या काढा असं कोणी म्हटलं की भडकायचे. "पळणाऱ्याले दागिने कायले?" वरची रेघ सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात. मग पाहत पाहत असे मागे सरकायचे की थेट रस्त्यावर. हॉर्न वाजायचे, शिव्या पडायच्या. मनासारखं झालं असलं तर एवढंच म्हणायचे, "चालली गाडी."

मी समोरच रेडियम स्टिकरचं दुकान टाकलं तेव्हा लोकांना वाटलं, आता जुंपणार. कसलं काय! मामा रोज माझ्याकडेच चहा प्यायचे आणि माझ्या कॉम्प्युटरमधल्या अक्षरांना नावं ठेवायचे. "पोरी, हे तिरपे नाही, हे पडून राह्यले."

मग मामांना लकवा मारला. जीव वाचला, बोलणं वाचलं, उजवा हात गेला. खाटेवर बसून एकच घोर. "हात गेला त जाऊ दे. माह्ये अक्षरं बी गेले ना माय." मला ते ऐकवेना. ड्रायव्हर लोकांकडून त्यांनी रंगवलेल्या ट्रकांचे फोटो मागवले आणि एकेक अक्षर गिरवून कॉम्प्युटरमध्ये बसवलं. अख्खा उन्हाळा गेला त्यात. शेवटी सगळी अक्षरं छापून त्यांच्यापुढे धरली. मामांनी डाव्या हातानं कागद उलटेपालटे करून पाहिले.

"क्लीनर साइडचे कुठी हायेत?"

अगं बाई! ड्रायव्हरच्या बाजूला उजवीकडे झुकलेलं अक्षर ट्रकसोबत पुढे झेपावतं. पण क्लीनरच्या बाजूनं पाहिलं तर ट्रकचं तोंड डावीकडे, तिथे तेच अक्षर मागे रेलतं. म्हणून मामा तिकडची अक्षरं डावीकडे झुकवायचे. इतकी वर्षं समोर बसून मला मेलीला ते दिसलं नाही. ड्रायव्हरांनीही फोटो पाठवले ते सगळे आपल्याच दाराचे.

"नुसते डावीकडे ढकलून नोको देऊ," मामांनी बजावलं. "एकेका अक्षराच्या पोटाची गोलाई सांभाळा लागते." मग ते खाटेवरून सांगत गेले आणि मी शिव्या खात बसवत गेले.

मामा राळेगावला लेकीकडे कायमचे निघाले, त्या सकाळी या अक्षरांचा पहिला ट्रक तयार झाला. लेकीनं त्यांना धरून क्लीनर साइडला आणलं. मामा बघत राहिले आणि सवयीनं मागे सरकू लागले. "बाबा, पडसान ना!" लेक ओरडली. ऐकतात कुठे! मी धावत जाऊन रस्त्याच्या कडेला पाठीमागून धरलं.

"चालली गाडी," मामा म्हणाले.

हुश्श! मला रडूच फुटलं. ड्रायव्हर अजून टपरीवर चहाच पीत होता.