आमचं घर ‘नागपूरकडे’

काटोलहून लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले, तेव्हा सासरचं घर नवंकोरं होतं. भिंतींचा चुन्याचा वास अजून गेला नव्हता. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. सौंसर, छिंदवाडा, मुलताई अशा बदल्यांत सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत गेलेला. त्यामुळे स्वतःच्या घराला नाव ठेवणं त्यांना एखाद्या बारशासारखंच वाटत होतं.

आमच्या गल्लीत नावांची हौस दांडगी होती. समोरच्या निवृत्त रेल्वे गार्डांनी घरावर ‘लाइन क्लिअर’ लिहून घेतलं होतं. पलीकडे दोन भावांनी मध्ये भिंत घालून वाटणी केली, तर धाकट्यानं आपल्या दारावर ‘उरलेलं’ असं रंगवलं. थोरला कित्येक महिने त्याच्याशी बोलत नव्हता. मामाजींना असली थट्टा नको होती. त्यांना अर्थ असलेलं नाव हवं होतं.

त्या दिवसांत जिथं तिथं राज्यांच्या फेररचनेची चर्चा. नागपूर मराठी मुलखात जाणार हे दिसत होतं, आणि आपला तालुकाही त्याच्याबरोबर जाणार याची मामाजींना खात्री होती. “बोली एक, सोयरिकी एक, संत्र्याचा बाजार एक. आपण दुसरीकडे जाणार तरी कसे?” असं म्हणून त्यांनी पेंटरला बोलावलं आणि मोठ्या रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं : ‘नागपूरकडे’.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर खोचून बाहेर आल्या. बराच वेळ वाचत राहिल्या. म्हणाल्या, “अहो, हे घर हाय का फाटा?”

मग निकाल लागला. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. गार्डकाकांनी सहज गमतीत विचारलं, “मास्तर, तुमची गाडी तर भोपाळले लागली ना!” मामाजी हसले नाहीत. घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि न जेवता आडवे झाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. आठवडाभरानं म्हणाले, “पेंटरला बोलवा. चुना फासून टाकू दे.”

आत्याबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “नाव कायले पुसता? राज्याचं मले काही समजत नाही. पण माझी माय तिकडं हाय, सुनेची माय तिकडं हाय. नाव आमच्यासाठी राहू द्या.”

 पेंटरला मग कोणी बोलावलं नाही.

असाच महिना गेला. एका दुपारी बाहेर एकदम आरडाओरडा झाला. मी धावत ओसरीत आले, तर सागवान लादलेला एक ट्रक आमच्या चिंचोळ्या गल्लीत शिरून गार्डकाकांच्या ओट्याला टेकला होता. पुढे सरकेना, मागे हटेना. काका ओरडत होते, “अरे, इधर कहाँ घुसा?” बैतूलकडचा ड्रायव्हर बिचारा घामाघूम झाला होता. आमच्या भिंतीकडे हात करून तो म्हणाला, “बोर्ड पढ़कर ही तो मुड़ा हूँ, साहब. नागपुर लिखा है!”

सगळी गल्ली खो खो हसू लागली. तेवढ्यात मामाजी दारात आले.  आता हे पुन्हा अंथरूण धरणार, असं मला वाटलं.

ड्रायव्हरनं त्यांना हात जोडून विचारलं, “बाबूजी, ये रास्ता नागपुर नहीं जाता क्या?”

मामाजींनी ट्रककडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. म्हणाले, “नहीं जाता, भैया. हमको भी यही लगा था.”

हसणं एकाएकी थांबलं. गार्डकाका खाली बघू लागले. आणि मग मामाजी स्वतःच हसायला लागले. आधी ओठांतल्या ओठांत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसणं होतं का रडणं, मला आजही नीट सांगता येणार नाही. काकांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. “मास्तर, मी ते भोपाळचं बोलायले नको होतं,” एवढंच म्हणाले. मग खांद्यावरचा टॉवेल झेंडीसारखा हलवत त्यांनी तो ट्रक मोठ्या ऐटीत मागे काढला. आत्याबाईंनी ड्रायव्हरसकट सगळ्यांना ओसरीत बसवलं आणि मला चहाचं आधण चढवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामाजी स्वतः जाऊन पेंटरला घेऊन आले. चुना फासलाच नाही. नावाखाली त्यांनी बारीक अक्षरांत एक ओळ लिहून घेतली : ‘हे घर आहे. रस्ता पुढून डावीकडे.’

ती ओळ इतकी बारीक होती, की वाचायला गाडी थांबवून खाली उतरावं लागे. उतरलेला माणूस मग हमखास पाणी मागायचा. आत्याबाई माठ भरून ठेवायच्या, आणि माणूस कुठून आला, घरी कोण कोण आहे, हे विचारल्याशिवाय त्याला सोडायच्या नाहीत.