अण्णांनी बाजूला ठेवलेला पहिला नग

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी बिदरच्या बसस्टँडबाहेर केळी निवडत होतो. फोनवर अण्णांच्या पत्नी होत्या, आमच्या अक्का. रडत नव्हत्या. "दामूभाऊ, तुमचे अण्णा सकाळी गेले," एवढंच म्हणाल्या. मी "निघालोच" म्हटलं, आणि केळीवाल्यानं हात पुढे केला म्हणून डझनभर केळी घेतलीसुद्धा... अशा वेळी डोकं काय करील याचा नेम नाही. तीच पिशवी घेऊन हुलसूरच्या बसमध्ये बसलो. मयताला केळी घेऊन जाणारा मी पहिलाच असेन. सगळं आटोपलं, परत आलो. त्याला आता दोन महिने होतील. मला रडू आलं नाही. आली ती लाज, आणि ती का आली हे सांगायलाच लिहायला बसलो आहे.

नागप्पाअण्णा आणि मी चिटगुप्प्याबाहेरच्या एका शेडमध्ये अकरा वर्षं बरोबर काम केलं. तिथं गोल्फच्या काठ्यांची डोकी तयार व्हायची. ओतीव पोलादाची डोकी बाहेरून येत. त्यांच्या सपाट तोंडावर एकाखाली एक बारीक आडव्या खाचा पाडायच्या, मग डोकी पुसून डब्यात भरायची आणि बेंगळुरूच्या पार्टीकडे धाडायची. ओल्या गवतातही चेंडूवर पकड बसावी म्हणून त्या खाचा, असं आम्हाला सांगितलेलं. गोल्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी अण्णांनी एक डोकं हातात तोलून विचारलं होतं, "ह्येनं काय फोडतेत?" चेंडू मारतात, असं मी सांगितलं. "निस्ता चेंडू? मग येवढं नक्षीकाम कामून?"

खाचा पाडण्याचं मशीन अण्णांकडे होतं आणि माप तपासायचं काम माझ्याकडे. मी डिप्लोमावाला, खिशात पेन असलेला, अण्णा चौथी शिकलेले. पण खाच कशाला म्हणतात ते त्यांना घरातूनच माहीत होतं. त्यांचे वडील गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायचे. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्यावर पुन्हा खाचा मारायच्या, हे त्यांचं काम. खाच बरोबर पडली की नाही, ते ते अंगठ्याचं नख फिरवून ओळखत. अण्णांनीही उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. प्रत्येक नगावरून ते नख वरून खाली ओढत. कर्र असा बारीक आवाज येई, आणि मान हलली की नग पुढे. मी मागून गेज लावून बघायचो, म्हणजे घड्याळासारखी तबकडी असलेलं खोली मोजायचं यंत्र. नख आणि काटा यांचं कधी वाकडं आलं नाही. मला याचा थोडा रागच यायचा.

त्यांची आणखी एक रीत होती. नव्यानं टाकी लावलेल्या जात्यातून पहिलं पीठ कचकच निघतं, ते घरात खात नाहीत, गाईला घालतात. तसं मशीनवर नवीन माप लावलं की पहिला नग अण्णा मोजणीत धरत नसत. त्याच्यावर खडूनं तारीख घालून बाजूला ठेवत. "ह्यो गाईचा," म्हणत. पुढे ते नग भंगारात जात. शेडचे साहेब हसायचे, मीही हसायचो.

आता ती गोष्ट. एका सोमवारी गेज माझ्या हातून फरशीवर पडलं. तबकडीची काच शाबूत होती, काटा हलत होता. नवीन गेज मागायचं तर ते कसं पडलं हे सांगावं लागणार, आणि त्याच आठवड्यात मला पर्मनंट करायचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी होतं. मी गेज पुसलं आणि गप्प बसलो. त्या दिवशी मशीनवर नवीन मापाचा माल लागला. अण्णांनी नख फिरवलं, म्हणाले, "बास हाय." मी गेज लावलं. काटा कमी दाखवत होता. "अण्णा, अजून खाली घ्या."

"दामू, नख म्हनायलंय पुरे. अजून घेटलं तर लई खोल जाईल."

"गेज म्हणतंय कमी आहे, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मशीनकडे वळून म्हणाले, "तू शिकलेला मानूस हाईस बाबा. तुझं गेज म्हनायलंय तर तसं." आणि कटर खाली घेतलं. आठवडाभर मी तसंच पास करत गेलो. शनिवारी पत्रावर सही झाली, पर्मनंट म्हणून कपाटाची चावी हाती आली, तेव्हा मी त्यातलं जादा गेज काढून ते जुन्याच्या जागी ठेवलं. जुनं रुमालात गुंडाळून घरी नेलं आणि विहिरीत टाकलं.

महिन्याभरानं सगळा माल परत आला. खाचा नियमापेक्षा खोल. साहेबांनी दोघांना बोलावलं. गेज तपासलं, ते अर्थातच बरोबर निघालं. साहेबांनी विचारलं, "मग चूक कुणाची?" मी म्हणालो, "साहेब, अण्णा नखानं बघतात." दुसऱ्या दिवसापासून त्यांना डबे भरायला बसवलं आणि मशीन दुसऱ्याकडे गेलं. त्या सकाळी मी त्यांचा हात पाहिला. अंगठ्याचं नख मुळापासून कापलेलं होतं.

पुढची सहा वर्षं ते डबे भरत राहिले. माझ्याशी कधी तिरकं बोलले नाहीत. जेवताना शेंगाची चटणी माझ्या पोळीवर वाढायचे, पूर्वीसारखीच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी महिनाभराची. मूत्रपिंडं गेली होती, पाय सुजले होते. आज सांगायचंच, असं बसमध्ये तीनदा घोकून गेलो होतो. पाऊसपाण्याचं झालं, डॉक्टरचं झालं. मग अण्णांनी आपण होऊन विचारलं, "गेज कसं हाय रे तुझं?"

दार उघडून दिलं होतं त्यांनी. मी म्हणालो, "बरं आहे, अण्णा."

"व्हय? बरं हाय म्हन," असं म्हणून ते भिंतीकडे वळले.

गेल्या आठवड्यात पुन्हा हुलसूरला गेलो. अक्कांनी चहा ठेवला आणि खिडकीतून एक लोखंडी वस्तू उचलून तिच्यावर आलं किसायला घेतलं. मी ओळखलं. आमचंच होतं ते, काठीचं डोकं. अक्का म्हणाल्या, "लई खोल हाईत ह्याच्या खाचा. बोट सोलतंय. मी म्हनलं हुतं त्यास्नी, जरा घासून द्या की. तर म्हनले, न्हाई, तसंच ऱ्हाऊ दे. दामू आपून होऊन बोलंल तवा त्याच्या नखाखाली द्यायचंय." मी ते हातात घेतलं. मागच्या बाजूला, आल्याचा रस जिथं पोचत नव्हता तिथं, पुसट खडूनं त्याच सोमवारची तारीख होती. त्या मालाचा पहिला नग... गाईचा.

मी अंगठा फिरवला. नख आत गेलं आणि अडकलं.

तिथंच, चुलीपाशी बसून, मी अक्कांना सगळं सांगितलं. पडलेलं गेज, पत्र, विहीर, साहेबांसमोर बोललेलं वाक्य. त्या ऐकत होत्या. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दामूभाऊ, हे त्यास्नी सांगायचं हुतं की वो... सहा वर्सं वाट बगितली त्येनी."

निघताना मी ते डोकं मागितलं. अक्कांनी माझ्या हातून काढून घेतलं, पदरानं पुसलं आणि परत खिडकीत ठेवलं. "न्हाई," म्हणाल्या. "हितंच ऱ्हाऊ द्या. मला आलं किसाय लागतंय."