पत्रिकेचा पुरावा
परवा शेजाऱ्यांची लग्नपत्रिका आली आणि तिच्या नव्या शाईच्या वासाने मला थेट त्या निवडणूक कचेरीत नेऊन बसवलं. आम्ही तेव्हा घाटकोपरला चाळीत राहायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि आबा, म्हणजे माझे वडील, विधानसभेच्या एका राखीव जागेवर उभे राहिले होते. जागा अनुसूचित जातीची होती, आणि तेव्हाच्या नियमाने बौद्ध झालेला माणूस तिच्यासाठी अपात्र ठरायचा. आबांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र अजून ‘हिंदू महार’ असंच होतं. अर्जांच्या छाननीला मीही सोबत गेले. डोक्यावर पंखा घरघरत होता, खोलीभर डिंकाचा आंबूस वास होता, आणि समोरच्या उमेदवाराच्या वकिलाने टेबलावर माझीच लग्नपत्रिका ठेवली. वर बुद्धाचं चित्र, खाली ‘बौद्ध पद्धतीने विवाह’. आमच्याच पंगतीला जेवून गेलेल्या कुणीतरी ती पुरवली होती. अधिकाऱ्याने विचारलं, “तुम्ही बौद्ध आहात का?” मी आबांच्या कानाशी लागले, “नाही म्हणा ना, दाखला आहे आपल्याकडे.” ते म्हणाले, “हो साहेब, दीक्षा घेतलीय मी.” अर्ज बाद झाला. जिना उतरताना ते एवढंच बोलले, “तू तरी असं सांगायला नको होतंस गं.” काही वर्षांनी कायदा बदलला आणि बौद्धांनाही त्या जागा खुल्या झाल्या. ती बातमी वाचली तेव्हा आबा हयात नव्हते. असते तरी त्यांना वाचून दाखवायचं तोंड मला उरलं नव्हतं.