सुपारीची दोन खांडं

आमच्या गावाला दोन गावकर होते, म्हणजे गावचा कारभार पाहणारे दोन प्रमुख. वरच्या वाडीचे माझे बाबा आणि खालच्या वाडीचे काका. नात्याने ते आमचे कुणी नव्हते, पण मी त्यांना काकाच म्हणायचे. गाव पोलादपूरच्या डोंगरात. सरपंच तीन-चार गावांचा मिळून एक, तो खाली राहायचा. गावात चालायचं ते या दोघांचं, तेही दोघांचं मिळूनच.

बैठक देवळापुढे भरे. बोलणं आटोपलं की अडकित्त्याने एक सुपारी फोडायची आणि दोघांनी एकेक खांड घ्यायचं. दोघांनी तोंडात टाकलं की ठरलं. एकानेही तोंडात न टाकता ठेवून दिलं, तर विषय बारगळला. काकांनी आयुष्यभर खांडं खिशात घालूनच नेली असावीत. बाबा घरी येऊन चरफडत बसायचे. आई ताट पुढे सरकवून म्हणायची, "त्यांनी नाय म्हटलं म्हनून भात कडू झाला काय? जेवा आता."

मी नववीत असताना रस्त्याचा विषय निघाला. तोवर गाडी खालच्या फाट्यापर्यंतच यायची. रस्ता सरळ वर आणायचा तर झऱ्याजवळचा कातळ सुरुंग लावून फोडावा लागणार होता. भर मे महिन्यातसुद्धा दोन्ही वाड्या त्याच झऱ्यावर पाणी भरायच्या. काका म्हणाले, "रस्ता हवाच हाय. पन वळसा घालून न्या. कातळ फोडलात तर पानी जाईल." वळसा म्हणजे नव्याने मोजणी, आणखी काही वर्षं थांबणं. बाबांनी आपलं खांड तोंडात टाकलं. काकांनी नेहमीसारखं खिशात घातलं.

त्याच पावसाळ्यात शेताच्या बांधावर काकांना नाग चावला. डोली बांधून त्यांना खाली न्यायला निघाले. पुढचा खांदा बाबांनी दिला आणि वाटेत कुणाला बदलू दिला नाही. महाडच्या दवाखान्यात न्यायला फाट्यावर जीप उभी होती. डोली फाट्यावर पोचली तेव्हा काका गेले होते. बाबा परत आले ते ओल्या कपड्यांनीच ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

तेराव्यानंतर बैठक झाली. काकांचा मुलगा मुंबईला नोकरीला, त्याला हे मानपान नको होते. खालच्या वाडीने दुसरा गावकर निवडेपर्यंत थांबायची रीत होती. बाबा थांबले नाहीत. त्यांनी सुपारी फोडली, आपलं खांड तोंडात टाकलं, शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि दुसरंही उचलून तोंडात टाकलं. "आता कुनाला डोलीतनं न्यायचं नाय," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून कुणाची बोलायची छाती झाली नाही.

रस्ता सरळ वर आला. पहिल्या जीपला बायकांनी ओवाळलं. दुसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला, तो कायमचा. मग टँकर यायचा, पण भरलेल्या टँकरला चढ झेपत नसे म्हणून फाट्यावरच थांबायचा, आणि त्याच डांबरी रस्त्याने आई डोक्यावर हंडा घेऊन चढायची. मला बाबांचा राग यायचा, आणि त्यांच्याकडे पाहिलं की जीव तुटायचाही.

एका दुपारी मी बाबांना जेवायला बोलवायला गेले, तर ते कोरड्या झऱ्यापाशी बसले होते. मी हाक मारली. ते उठले नाहीत.

"त्यानं माझं कधीच ऐकलं नाय गो," ते म्हणाले. "म्हनून हितं पानी होतं."