विहाराच्या पायरीपर्यंतची रेंज

मी घर सोडलं त्याच सकाळी विद्यापीठाची माणसं विहाराच्या गच्चीवरून अँटेना उतरवत होती. प्रायोगिक परवान्याची मुदत संपली होती. आई माझ्या बॅगेत चटणी कोंबत होती. आप्पा शिडी धरून उभे होते. "तू जा. शिडी हालती," एवढंच म्हणाले. मी एकटीच म्हसवडच्या स्टँडवर गेले.

आमचं गाव खोलात, मोबाईलला रेंज नव्हती. सांगलीत इंजिनिअरिंगला असताना मी सरांच्या संशोधनात शिरले. टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून खेड्यात इंटरनेट पोचवायचं. चाचणीसाठी मी आमचं गाव सुचवलं, आणि जागा आमच्या बौद्धवस्तीतल्या विहाराची. वडिलांची, आप्पांची, चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी दुसरी कुठली जागा सुचवणार? पासवर्ड आप्पांनी ठेवला: जयभीम.

राउटरची रेंज विहाराच्या पायरीपर्यंतच यायची. मग वरच्या आळीची पोरं धारा काढून झाल्या की पायरीवर येऊन बसू लागली. त्यांच्या घरातलं कुणी याआधी तिथं बसलं नव्हतं.

"आवं मामा, पासवर्ड काय?"

"जयभीम."

"सगळं जोडून?"

"आधी मोठ्यानं म्हण, मग जोडून लिव."

पोरं हसत, पण म्हणत. आई चहा द्यायची, आमच्याच कपांतून. पीत. इतक्या वर्षांच्या पत्रकांनी हे झालं नव्हतं.

अँटेना राहावा म्हणून मी अर्ज केले. वरच्या आळीनंही सह्या दिल्या. सर म्हणाले, नियम आहे.

त्याच कामावर मला फिनलंडला पीएचडीची जागा मिळाली. लॅबच्या भिंतीवर आमच्या गावाचा आलेख लावलाय. संध्याकाळी रेघ चढते. गाइड विचारतात, ही चढण कशाची? मी म्हणते, युजर्स वाढतात. पूर्वी मी यावर तासभर भांडले असते. आता राग येत नाही. काहीच येत नाही.

मध्यंतरी गावात कंपनीचा टॉवर लागला. घरोघरी रेंज आली. आमची मागणी तर हीच होती. रविवारी फोनवर आप्पा म्हणाले, वरच्या आळीचा संदीप रस्त्यावरनंच विचारत होता, ताई कवा येणार.

"पायरीवर ये, च्या घे म्हणलं त्याला."

"मग?"

"म्हणला, आता काय काम हाय मामा."

गावी राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघंही विचारतात, घराची आठवण येते का. काम नसताना कुणीही येऊन बसावं, त्याला मी घर म्हणते. तसं घर मी सोडून आले, असं म्हणवत नाही. ते नुकतं कुठं होत होतं.